जुनी एसयूव्ही दोनदा बघा: एकदा पहाटे, एकदा भर दुपारी

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गाडी दारात हवी, या घाईत बोलेरो, स्कॉर्पिओ, डस्टर, फॉर्च्युनरचे सौदे दहा मिनिटांत उरकतात. ‘गाडी एक नंबर शे, भाऊ’ एवढ्या शब्दावर टोकन दिलं जातं. माझं ठाम मत आहे की खान्देशात जुनी डिझेल एसयूव्ही एका भेटीत घेऊच नये. पहिली भेट सकाळी लवकर, इंजिन रात्रभर बंद असताना. दुसरी भर दुपारी, पारा ४३-४४ वर असताना. दोन्ही वेळी वेगळे दोष सापडतात.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर आधी बोनेट उघडून इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर त्या दिवशी परत फिरा. गरम केलेली गाडी कशीही सुरू होते, आणि थकलेल्या इंजिनाची पहिली खूण थंड असतानाच्या सेल्फमध्ये मिळते. चांगलं डिझेल इंजिन दोन-तीन सेकंदांत पकडतं. मे महिन्यातल्या पहाटे ग्लो प्लगची (थंड इंजिन आधी तापवणाऱ्या प्लगची) फारशी गरजही नसते. त्यामुळे उन्हाळ्यात सेल्फ लांबत असेल आणि बॅटरी दमदार असेल, तर संशय इंजेक्टरवर, डिझेल पाइपमधून टाकीकडे मागे उतरण्यावर किंवा कमी कॉम्प्रेशनवर घ्यायचा.

सुरू होताना एकाने सायलेन्सरमागे उभं राहावं. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. जोरात रेस दिल्यावर थोडा काळा धूर जुन्या डिझेलला येतो, पण सतत काळा येत असेल तर इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) फाटका पाइप तपासावा लागतो. पांढऱ्या धुराबाबत एक गोष्ट आपल्याकडे विसरली जाते. डिसेंबरच्या थंडीत दोन मिनिटं पांढरी वाफ येणं स्वाभाविक आहे. एप्रिल-मेमध्ये ती येण्याचं कारण नाही. आली आणि टिकली, तर एकतर डिझेल अर्धवट जळतंय किंवा कुलंट सिलिंडरमध्ये उतरतंय.

आता इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण सोडवा आणि तोंडावर उलटं ठेवा. हलकं थरथरणं चालेल. झाकण उडत असेल, डिपस्टिकच्या नळीतूनही धुराचे झोत येत असतील, तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडर झिजलेत. इंजिनकामाचा खर्च किमतीतून वजा करून बोला किंवा सौदा सोडा. ऑईल काळं आहे म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑईल काळंच होतं. झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर मात्र पाणी मिसळलंय.

रिंग लवकर झिजण्याचं आपल्याकडचं मोठं कारण धूळ आहे. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पंक्चरवाल्याकडच्या हवेनं झाडून पुन्हा पुन्हा बसवला जातो. जोराच्या हवेनं कागद फाटतो आणि त्या फटीतून माती थेट इंजिनात जाते. म्हणून फिल्टरचा डबा उघडायला लावा. फिल्टरवरची धूळ बघू नका, ती असणारच. फिल्टरच्या पुढची, टर्बोकडे जाणारी बाजू बोटानं पुसा. तिथं बारीक माती लागली तर त्या इंजिनानं माती खाल्ली आहे, मीटर काहीही दाखवो. त्याच पाइपमधून टर्बोचं पातं चाचपता येतं (इंजिन बंद करून). बाजूला जरासं हलणं चालतं. आत-बाहेर सरकत असेल किंवा पातं भिंतीला घासत असेल तर टर्बो संपलाय. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑईलचा पातळ थर असतोच, डबकं नसावं.

दुपारच्या भेटीत चौघं बसून एसी पूर्ण लावा आणि गाडी चढावर न्या. धुळेकरांना लळिंग घाट जवळ आहे, चाळीसगावकरांना कन्नडचा घाट. तापमानाचा काटा रोजच्या जागेवरून सरकता कामा नये. सरकला तर रेडिएटर चोंदलाय, फॅन नीट ओढत नाही किंवा हेड गॅसकेट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांमधली सील) जातंय. आपल्या बोअरचं पाणी जड असतं, आणि कुलंटऐवजी तेच वर्षानुवर्षं ओतलेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये क्षार बसतात. सकाळी, थंड असतानाच, झाकण उघडून बघितलेलं असावं: हिरवं, गुलाबी जे असेल ते स्वच्छ रंगाचं हवं, गंजाळ तांबूस पाणी नको. गरम असताना झाकणाला हात लावू नका. सकाळी इंजिन सुरू झाल्यावर मिनिटाभरात रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा टणक झाला, कुलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे आले, तर गॅसकेटमधून गॅस पाण्यात येतोय.

क्लचची परीक्षा सोपी आहे. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला ४० च्या वेगात अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग मागे राहिला तर क्लच सरकतोय. उभ्या गाडीत खडखड येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) संशयात घ्या. ज्या गाडीत असं फ्लायव्हील आहे तिथं खर्च नुसत्या क्लच प्लेटच्या कैक पट होतो.

गाडीनं काय ओढलंय, हे खालून कळतं. काळीपिवळीसारखी चाललेली किंवा खताच्या गोण्या आणि केळीचे घड वाहिलेली बोलेरो मागच्या पाट्यांवरून (लीफ स्प्रिंगवरून) ओळखा: पाटे सपाट झालेले, एखादा तडकलेला, यू-बोल्टच्या जागा सरकल्याच्या खुणा. पाट्यांच्या शॅकलजवळ (पाटे चेसीला टांगणाऱ्या कडीजवळ) चेसीला बारीक चीर किंवा नंतरचं वेल्डिंग दिसलं तर मी ती गाडी कुठल्याही भावात घेऊ नका म्हणेन. बहुतेक स्कॉर्पिओंना मागे कॉइल स्प्रिंग आहेत, तिथं लिंकचे बुश आणि शॉकअपची गळती बघा. पुढचे टायर आतून खाल्ले असतील तर बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश किंवा अलाइनमेंट. टायरच्या बाजूवरच्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ६ वर्षांपेक्षा जुने टायर आपल्या उन्हात बदलायचेच, नक्षी कितीही शिल्लक असो. फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी) असेल तर ती डांबरावर लावून बघू नका. नांगरलेल्या शेतात किंवा वाळूत तिचे हाय आणि लो दोन्ही गिअर लावा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलबद्दल वेगळं सांगायला हवं. यात डीपीएफ, म्हणजे धुराच्या वाटेतला फिल्टर असतो, तो काजळी साठवतो आणि हायवेवर सलग गरम चालल्यावर जाळतो. घर ते शेत, शेत ते गाव अशी तीन-चार किलोमीटरची फेरी मारणाऱ्या गाडीत ही जाळणी अर्धवट राहते. जाळणीसाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर जाते. वाढलेली पातळी ही धोक्याची खूण आहे, कुणी ‘ऑईल भरपूर आहे’ म्हणून खपवू देऊ नका. स्कॅनर लावून काजळीचं प्रमाण बघा. चावी फिरवली की इंजिनचा आणि एअरबॅगचा दिवा आधी लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझलेला असला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर दिवा काढून टाकलेला असू शकतो.

डस्टरच्या १.५ डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. बदलल्याचं बिल नसेल तर बदलायचा खर्च आजच धरा, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडतात.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाशी मातीची रेघ राहते. सीटच्या रुळांवरचा गंज आणि फ्यूज बॉक्सच्या कडा बघा. अपघातासाठी बोनेट आणि दारांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा, दोन्ही बाजूंच्या वेल्डिंगच्या ठिपक्यांतला फरक. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर फार उत्तम: कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, पुटीखाली आकडा कित्येक पट जातो.

मीटरवर विश्वास नको. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून चेसी नंबरवर इतिहास मागवा आणि पेडलचं रबर, स्टेअरिंगची घासलेली कड त्याच्याशी ताडून बघा.

कागदांत एमएच-१८, १९ किंवा ३९ (धुळे, जळगाव, नंदुरबार) पासिंग असेल तर काम सोपं. गुजरात किंवा दिल्लीची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नकोत, आणि महाराष्ट्राचा टॅक्स किमतीत धरा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात दिसतात. १५ वर्षं जवळ आलेल्या गाडीला पुन्हा फिटनेस आणि नोंदणी लागते. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, नाव बदलायला २९ आणि ३०. चेसी नंबर आरसीवरून नको, गाडीवरून वाचा, आणि टोकनच्या चिठ्ठीवर तोच नंबर, त्या दिवशीचं मीटर आणि एनओसी न मिळाल्यास टोकन परत, एवढं विकणाऱ्याच्या सहीनं लिहून घ्या.