साक्ष, गोळ्या आणि माईक

"शुगरच्या गोळ्या सोडल्या, दोन महिने झाले, प्रभूने मला पूर्ण बरं केलं." चर्चच्या आरोग्यासाठीच्या प्रार्थनासभेत एकाने अशी साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते माईकवर सगळ्यांना सांगितलं. टाळ्या पडल्या, हालेलुया झालं, आणि सभा सुटताच डॉक तणतणत कट्ट्यावर आला.

"त्याची शुगर तपासली कोणी?"

"आल्या आल्या सुरू झालास," अण्णा म्हणाले. "माणूस देवाचे आभार मानत होता. लॅबचा रिपोर्ट वाचून दाखवत नव्हता."

"आभार मानू दे की. पण मागच्या बाकांवर बसलेल्या शुगरवाल्यांनी काय ऐकलं? गोळ्या सोडायच्या. बाकी सगळं ते घरी पोचेपर्यंत विसरणार."

आमच्या कट्ट्याची थोडी ओळख करून देतो, म्हणजे कोण कुठून बोलतंय ते कळेल. अण्णा पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, प्रार्थनागटाचे जुने खांब. डॉकचा दवाखाना आहे आणि रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तो चुकवत नाही, त्यामुळे त्याला नास्तिक म्हणून उडवून लावता येत नाही. सिस्टर म्हणजे मठातल्या सिस्टर नव्हेत, निवृत्त नर्स. वॉर्डात आयुष्य गेल्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. बारक्या कॉलेजात आहे आणि सगळं वाचून येतो. मी ऐकतो आणि लिहितो, मध्ये मध्ये तोंडही घालतो.

डॉकचं म्हणणं सरळ होतं. वजन उतरवून काहींची शुगर गोळ्यांशिवाय ताब्यात राहते, हे तो स्वतःच पेशंटना सांगतो. पण ते तपासण्या करत, हळूहळू. शुगर वाढली तरी माणसाला बरेच दिवस काही जाणवत नाही, त्यामुळे "मला बरं वाटतंय" याला पुरावा म्हणून किंमत नाही. "एचबीएवनसीची रक्ततपासणी करून ये म्हणावं. शुगरची दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते त्यात. मग खुशाल माईक घे."

"मग लूर्दला जाऊन सांग त्यांना," अण्णा म्हणाले. लूर्द म्हणजे फ्रान्समधलं मरियामातेचं तीर्थस्थान, बरं होण्यासाठी आजारी लोक तिथे जातात. इथे अण्णांनी स्वतःच डॉकच्या हातात कोलीत दिलं.

"लूर्दचंच घ्या! 1858 साली बर्नादेत नावाच्या मुलीला मरियामातेचं दर्शन झालं. 1883 पासून तिथे डॉक्टरांची कचेरी आहे. बरे झाल्याचे सात हजारांवर दावे तिथे आले, आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य किती केले? सत्तरच्या जरा वर. बर्नादेत मोरियो या मठातल्या सिस्टर 2008 साली बऱ्या झाल्या, मान्यता मिळाली 2018 साली. दहा वर्षं! आजार गंभीर होता का, गुण अचानक आला का, पूर्ण आला का, टिकला का, उपचारांनी आला नाही ना, हे सगळं डॉक्टरांनी खणून काढायचं आणि मग त्या माणसाच्या धर्मप्रांताच्या बिशपांनी ठरवायचं. आपण काय करतो? हात वर केला की माईक."

अण्णा हार मानणाऱ्यांतले नव्हेत. "लूर्दला चमत्कार जाहीर करायचा असतो, म्हणून दहा वर्षं. इथे कोणी चमत्कार जाहीर केलाय? नोकरी लागली की साक्ष देतात, पोरगं पास झालं की देतात. तेव्हा मार्कशीट मागतोस का?"

हा मुद्दा मला पटला, आणि तसं मी बोललोही. माणसाला बरं वाटलं तर ते सांगावंसं वाटणारच. घोळ होतो तो "गोळ्या सोडल्या" या दोन शब्दांनी. तिथे आभाराचा सल्ला होतो.

बारक्या एवढा वेळ गप्प होता, म्हणजे काहीतरी घेऊन आला होता. "2006 साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला. बायपासचे 1802 पेशंट, तीन गट. दोन गटांना सांगितलं, तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यातल्या एकासाठी केली, दुसऱ्यासाठी नाही. ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली एकात 52 टक्के लोकांना, दुसऱ्यात 51. म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला मात्र ठामपणे सांगितलं की प्रार्थना होणार आहे. आणि त्यांच्यात झाली 59 टक्के!"

"म्हणजे प्रार्थनेने माणूस बिघडतो?" अण्णा ताडकन उठले.

"तसं नाही हो. कदाचित त्यांना वाटलं असेल, प्रार्थनेची वेळ आली म्हणजे आपलं काही खरं नाही."

अण्णा तरीही धुमसत होते. "आणि प्रार्थना करणारे कोण होते?"

"अनोळखी. पेशंटचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर, एवढंच त्यांच्याकडे. ठरलेलं एक वाक्य म्हणायचं, चौदा दिवस."

"मग ती काय प्रार्थना झाली? पेशंटच्या खाटेशी बसून, हात हातात घेऊन केलेली प्रार्थना आणि यादीतली आद्याक्षरं एकच का?"

मला वाटतं, दोघंही थोडे घसरले. तो अभ्यास देव आहे की नाही हे सांगत नाही, कारण ते मोजायचं यंत्र नाही. पण आपल्या प्रार्थनेने ऑपरेशनचा निकाल फिरतो असं छातीठोक सांगणाऱ्याला त्याने पंचाईतीत नक्की टाकलंय. अण्णांचाही मुद्दा खराच: खाटेशी बसण्याचं माप त्या अभ्यासाने घेतलंच नव्हतं.

मग सिस्टर बोलल्या आणि चर्चेची गाडी वेगळ्याच रुळावर गेली.

"तुमचं सगळं जे बरे झाले त्यांच्याबद्दल चाललंय. जे झाले नाहीत त्यांचं काय?"

कोणी काही बोललं नाही तेव्हा त्यांनीच सांगायला घेतलं. एक बाई प्रत्येक प्रार्थनासभेला यायची. कॅन्सर पसरलेला. दर वेळी पुढे जायची, डोक्यावर हात ठेवून घ्यायची. एकदा गटातल्या कोणीतरी, चांगल्या मनाने, तिला विचारलं, "मनात कोणाबद्दल राग धरलायस का? कुठे विश्वास कमी पडतोय?" त्यानंतर ती येईनाशी झाली. सिस्टर घरी गेल्या तेव्हा ती म्हणाली, "आजार सोसवतोय हो, पण माझा विश्वास कच्चा म्हणून मी मरतेय, हे नाही सोसवत." शेवटचे आठवडे ती रोज रात्री आपली पापं आठवत बसायची, कुठलं राहून गेलं म्हणून.

"हे कुठल्या शुभवर्तमानात लिहिलंय ते दाखवा मला," सिस्टर म्हणाल्या. "योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य हेच विचारतात. हा आंधळा जन्मला, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापांचं? येशू सांगतो, कोणाचंच नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली. गेला नाही. त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला, तर त्याला मिलेताला मागे ठेवून पौल पुढे गेला. तीमथ्य या शिष्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला, विश्वास वाढव म्हणाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता का?"

अण्णा बराच वेळ जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "असं बोलायचं नाही, हे आम्ही गटात शिकवतो." सिस्टर म्हणाल्या, "शिकवता. पण माईकवर बरे झालेलेच येत राहिले की न शिकवता दुसरंच शिकवलं जातं."

माझ्या मते त्या दिवसाचा खरा मुद्दा हाच. आरोग्याची सेवा करणारा गट जोखायचा असेल तर साक्षी मोजू नयेत. ज्याला गुण आला नाही त्याच्या दारात सभेनंतरच्या आठवड्यात कोणी गेलं होतं का, ते विचारावं.

अशा सभा कशा घ्यायच्या यावर चर्चने नियम केलेत हेही कमी लोकांना ठाऊक असतं. 2000 साली रोमहून आरोग्यप्रार्थनांबद्दल एक सूचनापत्र निघालं. सही कार्डिनल रात्झिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले. उन्माद नको, नाटकीपणा नको, सनसनाटी नको, असं त्यात स्पष्ट आहे. गटाच्या पुढाऱ्यांकडेच बरं करण्याचं वरदान असतं असं धरून चालणं मनमानी ठरेल, असंही आहे. अण्णांनी हे मान्य केलं आणि वर सुनावलं, "त्याच पत्रात आजाऱ्याने बरं होण्याची इच्छा धरणं चांगलं आणि माणसाला साजेसं म्हटलंय, तेही लिही." लिहिलं.

आजाऱ्यांना तेल लावण्याच्या संस्काराबद्दलही घोळ आहेच. फादर तेल घेऊन आले की घरचे रडायला लागतात, आता संपलं म्हणून. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1963 मध्येच सांगितलं की हा संस्कार फक्त शेवटच्या घटकेचा नाही. आजाराने किंवा म्हातारपणाने जिवाला धोका दिसू लागला की तीच योग्य वेळ. कपाळाला आणि तळहातांना तेल लावायचं, प्रार्थना म्हणायची, पेशंट शुद्धीत असताना, त्याला "आमेन" म्हणता येत असताना. सिस्टरांनी वॉर्डात पाहिलंय, बहुतेक घरचे फादरांना बोलावतात ते व्हेंटिलेटर लागल्यावर. आणि हे तेल फादरांनीच लावायचं असतं. प्रार्थनागटातल्या कोणी बाटलीतलं तेल लावलं तर तो संस्कार नव्हे, हे अण्णाही मानतात.

मग विषय आला व्हॉट्सॲपचा, आणि इथे डॉक, अण्णा, बारक्या सगळे एका बाजूला. प्रार्थनाविनंतीच्या ग्रुपवर मेसेज येतो: अमुकच्या सुनेसाठी प्रार्थना करा, तिसऱ्यांदा गर्भपात झाला. तमुकच्या मुलासाठी करा, मनोविकारतज्ज्ञाकडे नेलंय. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. त्या सुनेला हे कोणी विचारलं होतं? देवाला सविस्तर निदान कळवायची गरज नसते, ती गरज आपल्याला असते. बारक्याने सुचवलं, ग्रुपवर फक्त "एका कुटुंबासाठी" लिहायचं, आणि नाव घालायचंच तर आजाऱ्याला विचारून. अण्णा लगेच हो म्हणाले. त्यांच्या घरातलंही काहीतरी असंच फिरलं होतं म्हणे.

मिस्सेनंतर बीपी तपासायचं टेबल लावावं, या सिस्टरांच्या कल्पनेला मात्र अण्णांनी नाक मुरडलं. "देवळाचा दवाखाना करणार का?" यावर डॉकने चौथ्या शतकातल्या संत बासिलचं नाव काढलं, ज्याने कैसरिया शहरात आजाऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी मोठं आश्रयस्थान उभं केलं होतं. बारक्याने भर घातली: 1980 च्या दशकात अमेरिकेत ग्रेंजर वेस्टबर्ग या लूथरन पाळकांनी मंडळीमंडळीत नर्स नेमायची पद्धत सुरू केली. ती नर्स इंजेक्शनं देत बसत नाही. बीपी बघते, औषधं नीट घेतली जातायत का विचारते, कोणाला कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगते आणि त्याच्याबरोबर प्रार्थनाही करते. आणि कॅथलिक बायबलमधल्या बेन सिराच्या ग्रंथातला 38वा अध्याय तर वैद्याचा मान राखा, औषधं देवानेच जमिनीतून दिलीत, असंच सांगतो. "टेबल लावा," अण्णा पुटपुटले, "पण वेदीसमोर नको. बाहेर."

शेवटी माईकचं ठरवायचं राहिलं. गोळ्या सोडल्याचं कोणी माईकवर बोलायचं नाही, इथपर्यंत अण्णा आले. सभेच्या सुरुवातीला हे सांगायचं कोणी?

"डॉक सांगेल," अण्णा म्हणाले.

"मी सांगितलं की म्हणतील, धंदा बुडतोय म्हणून बोलतो."

"मी सांगते," सिस्टर म्हणाल्या. "माझी एक अट आहे. दर सभेत एक साक्ष बऱ्या न झालेल्या माणसाची घ्यायची."

"तो काय सांगणार?"

"ते त्याला विचारा. तुम्ही आधीच का ठरवताय?"

अण्णांचं म्हणणं, अशाने लोकांचा हुरूप जाईल आणि सभा ओस पडेल. बारक्याचं म्हणणं, उलट जे यायचे थांबलेत ते परत येतील. डॉक म्हणतो, दोन सभा करून बघा. अण्णा म्हणतात, फादरांना विचारल्याशिवाय एकही नाही. पुढच्या सभेची तारीख जाहीर झालीय, वाद अजून मिटलेला नाही.