गोळीने पाळी लांबवली तर रक्त पोटात साचतं का?

गौरी-गणपती जवळ आले की हा मेसेज हमखास फिरतो: पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली की ‘अशुद्ध रक्त’ आत साचून गाठी होतात. साफ चूक. बीज बाहेर पडल्यावर अंडाशयात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होतं; तेच गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही तर साधारण 2 आठवड्यांत त्याची पातळी घसरते, अस्तर सुटतं, पाळी येते. पाळी लांबवायची गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं औषध; ती ही घसरण भरून काढते, म्हणून अस्तर सुटतच नाही. मग साचणार काय? गोळी थांबवली की 2-3 दिवसांत पाळी. मात्र मेडिकलमधून परस्पर आणू नका. पूर्वी कधी रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी झालेल्यांना किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्यांना ती चालत नाही. शिवाय ती गर्भनिरोधक नव्हे, हे मात्र मेसेजवाले कधी लिहीत नाहीत.