‘बिझी’ म्हणे! कशात रे बिझी?

चालू असलेल्या नेटवर्क कार्डाचं (लिनक्सच्या भाषेत इंटरफेसचं) नाव बदलायला गेले, आणि कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, आज परत तेच उत्तर. डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी. कशात बिझी आहेस बाबा तू? नाव बदल म्हटलं होतं, कार्ड उपटून दे म्हटलं नव्हतं. पॅकेट चाललीत तशी चालू देत, आयपी पत्ता तोच, कार्डाचा मॅक क्रमांक तोच, कर्नलचा आतला इंडेक्स नंबरसुद्धा तोच राहणार आहे. वरची पंधरा अक्षरांची पाटी तेवढी बदलायची. नाही म्हणजे नाही. इंटरफेस अप (चालू) आहे, आधी डाउन (बंद) करा.

डाउन करा! हे मशीन नेटवर्कवरून बूट होतं. रूट फाइलसिस्टिम, म्हणजे सिस्टिमच्या मूळ फायली, एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कपलीकडच्या स्टोरेजवर आहे. म्हणजे ज्या फांदीवर अख्खी सिस्टिम बसलीय ती आधी तोडा, तिचं बारसं करा, मग परत चिकटवा. आणि हा इंटरफेस अप केला कुणी? मी? बूट होताना, उपकरणांना नावं देणाऱ्या यूडेव्हचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, बूटच्या ओळीतलं डीएचसीपी (आयपी पत्ता आपोआप मागून घे) वाचून खुद्द कर्नलनेच केला. स्वतःच उठवायचं आणि वर आपल्यालाच सांगायचं, उठलाय, आता नाव बदलता येणार नाही.

कोणत्या कार्डाला कोणतं नाव ते सांगणारी डॉट-लिंक फाइल मी व्यवस्थित लिहून ठेवलीय. मॅक जुळवलाय, नाव दिलंय स्टोअर०. यूडेव्ह बिचारा दर बूटला ती वाचतो, कर्नलकडे जातो, नकार घेऊन येतो, लॉगमध्ये एक ओळ टाकतो आणि गप्प बसतो. दुसरं कार्ड मोकळं असतं, त्याला निमूट लॅन० हे नाव मिळतं. हे एकटंच हट्टी. काल त्याचं कर्नलने दिलेलं नाव इथ० (eth0) होतं. कर्नल अपडेट झाला, कार्डं सापडायचा क्रम फिरला, आज ते इथ१. इथ०चा ग्राफ आडवा, आणि सगळीकडे अलर्ट की स्टोरेजची लिंक मेली. अरे मेली नाही, तिने नाव बदललंय! म्हणजे तुला वाटेल तेव्हा तू बदलणार, आणि मी बदलायला गेले की बिझी.

बरं, या मशीनवर कर्नल ६.१ आहे. अप असताना नाव बदलायची मुभा आली ६.२ मध्ये, फेब्रुवारी २०२३ ला. ६.१ त्याच्या आदल्या डिसेंबरातली. एका आवृत्तीने हुकलं! आणि हुकली ती नेमकी लाँगटर्म, म्हणजे वर्षानुवर्षं हिच्याशीच संसार. बदल तरी केवढा? इंटरफेस अप आहे का बघून हाकलून देणारी एक अट, ती काढली. तीही आमच्या रडण्याने नाही हं, नेटकन्सोलमुळे, म्हणजे कर्नलचे संदेश नेटवर्कवरून पाठवणाऱ्या सोयीमुळे. नेटकन्सोल कर्नलमध्येच बिल्ट-इन असला की तो बूटच्या सुरुवातीलाच इंटरफेस उठवतो, आणि मग हाच तमाशा. त्याहून चीड येते ती २०१९ च्या गोष्टीची. तेव्हा फेलओव्हरच्या (एक पडला की दुसरा काम उचलतो अशा) जोडीतल्या इंटरफेससाठी एक खास फ्लॅग (खूण) काढला होता, तो ज्याच्यावर असेल त्याने अप असतानाही खुशाल नाव बदलावं. म्हणजे काही कोसळत नाही हे माहीत होतं! लाडक्यांना परवानगी, आम्ही मात्र तीन वर्षं दारात.

आता कुणीतरी शहाणा येईलच. ‘सोपं आहे, सगळ्या कमांड एका बॅच फाइलीत लिही, एकाच झटक्यात डाउन, नाव, अप.’ हो रे हो. जमेलही. एनएफएस तिष्ठत बसेल, लिंक परत आली की पुढे चालू लागेल. पण डाउन केल्यावर आयपीव्ही४चा पत्ता राहतो आणि डिफॉल्ट रूट (राउटरपलीकडे जायचा रस्ता) जातो, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? अप केल्यावर तो आपणहून परत येत नाही, त्या फाइलीत तीही ओळ लागते. आयपीव्ही६चे पत्ते तर रूटसकट पुसले जातात, ते पत्ते राखायचे तर वेगळं सिसकंट्रोल, म्हणजे कर्नलचं सेटिंग. स्टोरेज राउटरपलीकडे असेल आणि ती एक ओळ राहिली, तर ती दुरुस्त करायची कमांड कुठून आणणार? राउटरपलीकडून?

दुसरा शहाणा म्हणेल, अल्टनेम, म्हणजे पर्यायी नाव, दे. ५.५ पासून आहे, भलं मोठं नाव मावतं. दिलंय! आयपी कमांड ते ओळखते, बाकी जगाला पत्ता नाही. माझं मॉनिटरिंग प्रॉक-नेट-डेव्ह ही कर्नलची फाइल वाचतं, तिथे मूळ नावच दिसतं. आयपीटेबल्स या फायरवॉलच्या नियमात अल्टनेम लिहा, एक पॅकेट जुळलं तर सांगा.

तिसरा ‘रीबूट कर’ म्हणणारा. त्याच्याशी मी बोलत नाही.

हे सगळं मी मनातल्या मनात म्हणत नव्हते, हे शेजारच्याने हेडफोन चढवला तेव्हा कळलं. आणि त्या स्टोअर० नावाकडे बघतं तरी कोण? मी, आणि एक ग्राफ. ग्राफला काही वाटत नाही, म्हणजे उरले मी एकटी. एका इंटरफेसच्या नावावरून माणूस रक्तदाब वाढवून घेतो आणि वर त्याला इन्फ्रास्ट्रक्चर म्हणतो. तरी उद्या परत करणार. पाटी चुकीची असली की मला झोप लागत नाही, काय करू.

आणि ६.२ नंतर सुख आहे म्हणाल तर थांबा. टेस्टच्या डब्यावर ६.६ आहे, तिथे चालत्या इंटरफेसचं नाव बदललं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, झकास ओळ आली, रिनेम्ड फ्रॉम इथ०, आणि कंसात व्हाइल अप. मी खुर्चीतच नाचले. मग फायरवॉल बघितली. आयपीटेबल्स बसलंय इथ०ची वाट बघत, कारण ते नाव अक्षरन् अक्षर जुळवतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काउंटर जागच्या जागी. एनएफटेबल्स या नव्या फायरवॉलमध्ये आयआयएफ लिहिलं तर इंडेक्स धरतं आणि टिकतं, आयआयएफनेम लिहिलं तर परत तीच रड. व्हीलॅनच्या, म्हणजे कार्डावर बेतलेल्या आभासी, इंटरफेसला तर बापाचं नाव बदललेलं कळतही नाही, तो आपला जन्मभर इथ० डॉट १००.

नावाची लांबी तर विचारूच नका. पंधरा अक्षरं, सोळावा तो नाव संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य. यूडेव्ह ज्यात येतो त्या सिस्टिमडीने २०१३ मध्ये ‘प्रेडिक्टेबल’ नावं आणली, त्यातलं मॅकवरून बनणारं नाव ईएनएक्स आणि पुढे बारा आकडे. झाली की पंधरा! आता त्याला डॉट १०० कुठे लावू? आणि कार्डाच्या पीसीआय बसवरच्या जागेवरून बनणारं नाव तर एक एनव्हीएमई डिस्क खोचली, बसचे नंबर सरकले, की ईएनपी३एस०चं ईएनपी४एस०. प्रेडिक्टेबल!

आणि तेव्हा लोक म्हणायचे, आधीचं बरं होतं. काय बरं होतं? कार्डांची नावं पक्की करणारी सत्तर-पर्सिस्टंट-नेटची ती रूल्स फाइल विसरलात? इथ० आणि इथ१ची अदलाबदल करताना यूडेव्ह मधेच तात्पुरतं नाव द्यायचा आणि गाडी तिथेच अडकायची. मशीन वर यायचं, नेटवर्क नाही, कन्सोलवर जाऊन बघावं तर कार्डाचं नाव रिनेम३.