'जुने बग सरसकट बंद करा' या सल्ल्याचं काय करायचं?

ओपन सोर्सच्या, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या वर्तुळात एक सल्ला फार फिरतो. ट्रॅकरवर (बगच्या तक्रारींच्या नोंदवहीवर) हजारो जुने इश्यू, म्हणजे नोंदी, साचले असतील तर बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, लावा आणि सहा महिने हालचाल नसलेलं सगळं बंद करून टाका. बग खरा असेल तर कुणीतरी पुन्हा नोंदवेलच, नसेल तर ब्याद गेली. ऐकायला व्यवहारी वाटतं. बरेच मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, बिनपगारी असतात, वेळ तुटपुंजा असतो, आणि रोज सकाळी चार आकडी संख्या बघून कुणाचाही उत्साह मावळेल. हे सगळं मान्य. पण या सल्ल्यामागची कारणं एकेक करून तपासली तर एकच टिकतं, तेही अर्धंच.

"महत्त्वाचा असेल तर पुन्हा येईल." सगळ्यात लाडका मुद्दा, आणि सगळ्यात कच्चा. बग भोगणारे पुष्कळ असतात, नोंदवणारा एखादाच. त्यातही कोणती आवृत्ती, कोणत्या क्रमाने काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे नीट लिहिणारा विरळा. त्याचा रिपोर्ट बॉटने बंद केला की तो त्यासाठी दुसरी संध्याकाळ घालवत नाही. गप्प बसतो, नाहीतर दुसरं सॉफ्टवेअर धरतो. नव्या कुणी नोंदवलंच तर "चालत नाही" एवढंच लिहितो, आणि तपास पहिल्यापासून सुरू.

ब्राउझरमधून दुसऱ्या खिडकीत गेलं तरी टूलटिप (माउस नेल्यावर उमटणारी माहितीची छोटी चौकट) तिथेच तरंगत राहते, असा एक बग मोझिलाकडे २००२ मध्ये नोंदवला गेला. फायरफॉक्स हे नावही तेव्हा नव्हतं. तो दुरुस्त झाला २०२३ मध्ये, फायरफॉक्सच्या ११९व्या आवृत्तीत. किरकोळ बग होता, जीव कुणाचा गेला नाही. पण २००६ मधला दुसरा रिपोर्ट किरकोळ नव्हता. बाहेरची वेबसाइट ब्राउझरच्या आडून वापरणाऱ्याच्या अंतर्गत नेटवर्कपर्यंत पोचू शकते, अशी ती तक्रार होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ओलिगो सिक्युरिटीच्या संशोधकांनी ०.०.०.० हा पत्ता वापरून मॅक आणि लिनक्सवर हेच कसं साधता येतं ते दाखवलं, आणि बोट ठेवलं ते त्या १८ वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर.

इथे समोरचा लगेच म्हणेल, उघडा ठेवून तरी काय दिवे लावले? रास्त प्रश्न आहे. नुसतं उघडं ठेवल्याने बग सुटत नाही. पण 'सहा महिने शांत म्हणजे बिनमहत्त्वाचा' या चाळणीतून असा रिपोर्ट पहिल्याच वर्षी गळाला असता. चाळणी चुकीची आहे एवढंच माझं म्हणणं.

"हालचाल नाही म्हणजे कुणाला पर्वा नाही." हालचाल कुणी करायची होती? रिपोर्ट करणाऱ्याने सगळं दिलंय, मेंटेनरने पाहिलेलं नाही, आणि शांततेची शिक्षा पहिल्याला. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवरच्या प्रचलित स्टेल बॉटची मूळ मांडणी ६० दिवसांनी 'स्टेल', म्हणजे शिळा, असा शिक्का आणि आणखी ७ दिवसांनी बंद अशी आहे. सात दिवस! माणूस गावी गेला तर परत येईपर्यंत इश्यू बंद. मग लोक युक्ती शिकतात आणि दर दोन महिन्यांनी "अजून आहे" असं लिहून जातात. कचरा कमी करायला आणलेला बॉट असा स्वतःच कचरा वाढवतो.

केडीई या लिनक्स डेस्कटॉप प्रकल्पाच्या बगझिला या ट्रॅकरवर याहून शहाणी रीत आहे. तिथेही आपोआप बंद होतं, पण मेंटेनरने माहिती मागितली असेल आणि उत्तर आलं नसेल तरच. १५ दिवसांनी आठवण, ३० दिवसांनी बंद. घड्याळ चालू होतं ते चेंडू रिपोर्ट करणाऱ्याच्या कोर्टात गेल्यावर. हा फरक लहान दिसतो, पण माझ्या मते सगळा वाद इथेच मिटतो.

आणि काही रिपोर्ट तर न सुटताही कामाचे असतात. फॉरेन कीच्या कॅस्केडमुळे (एका तक्त्यातल्या बदलाने जोडलेल्या तक्त्यातल्या) ओळी बदलल्या तर ट्रिगर, म्हणजे बदल होताच आपोआप चालणारा कोड, चालत नाहीत, हा मायएसक्यूएल या डेटाबेसचा बग २००५ चा. वर्षानुवर्षं लोक त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत आले. हसण्यावारी न्या, पण रात्री दोन वाजता आपला ट्रिगर का चालत नाही हे शोधणाऱ्याला उत्तर त्या पानावर मिळतं.

"कोड केव्हाच बदललाय, जुना रिपोर्ट आता लागू नाही." हाच तो अर्धा खरा मुद्दा. लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरचं उदाहरण मराठीच्या अगदी जवळचं आहे. पूर्वी त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर अक्षरांची मांडणी करणारं इंजिन वेगळं होतं. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून हे काम सगळीकडे हार्फबझ या एकाच इंजिनाकडे आलं. त्यामुळे त्याआधीचे, "वाऱ्यावर"मधला ऱ्य किंवा एखादं जोडाक्षर तुटतं अशा तऱ्हेचे रिपोर्ट आज निकालात निघालेले असू शकतात. असू शकतात. गडबड फॉन्टमध्ये असेल, किंवा मांडणीत नसून कर्सर हलवण्यात असेल, तर बग जिथल्या तिथे. फाइल उघडून बघितल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

म्हणून लिब्रेऑफिसची क्यूए (गुणवत्ता तपासणारी) टीम वर्षभर हात न लागलेल्या, खात्री झालेल्या बगवर निरोप टाकते: ताज्या आवृत्तीत तपासून सांगा. बंद करत नाही, विचारते. वर बजावते की आवृत्तीचा रकाना बदलू नका, कारण तिथे बग सर्वात आधी कुठे दिसला ते नोंदलेलं असतं. ते का जपायचं, तर बिबायसेक्टसाठी. वेळोवेळी तयार झालेल्या बिल्डांचा, म्हणजे चालवता येतील अशा जुन्या-नव्या प्रतींचा, साठा घेऊन अर्ध्यावर अर्धं करत बिघाड कोणत्या बदलात शिरला ते शोधता येतं, आणि त्यासाठी सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा यावी लागत नाही.

याउलट २००३ मध्ये मोझिलाच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमरांपैकी एक, जेमी झाविन्स्की, यांनी ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपवर राग काढला तो यासाठी: नवी आवृत्ती आली, जुने रिपोर्ट न तपासता बंद झाले, आणि नव्यात बग आहे का ते बघायचं काम रिपोर्ट करणाऱ्याच्याच गळ्यात पडलं.

फेडोरा ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम आपली एक आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळते आणि मुदत संपली की तिच्यावरचे उघडे बग बंद करते. मला ते रुक्ष वाटतं, पण त्यात लबाडी नाही. आधी सूचना येते, बग नव्या आवृत्तीतही असेल तर पुढे नेता येतो, आणि बंद करण्याचं कारण आवृत्तीचा शेवट हे असतं, रिपोर्टचं वय नव्हे.

"मोठा आकडा नवख्यांना घाबरवतो." मग आकडा लपवा! फिल्टर कशासाठी असतात? डेबियन या तशाच सिस्टिमचा बग क्रमांक नोव्हेंबर २०२१ मध्ये दहा लाखांवर गेला, तरी प्रकल्प चालूच आहे. करायचंच नसेल तर "हे आम्ही करणार नाही" असं लिहून माणसाने बंद करावं. वाईट वाटेल, पण उत्तर तरी मिळेल. उबंटूचा पहिला बग, म्हणजे बाजारात मायक्रोसॉफ्टचं वर्चस्व असणं, उबंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २००४ मध्ये थोडा गमतीने नोंदवला आणि २०१३ मध्ये कारण लिहून स्वतःच बंद केला.

राहिला "मोठे प्रकल्पही बॉट वापरतात" हा दाखला. वापरतात. कुबरनेटिस या सर्व्हरवरचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या प्रकल्पात ९० दिवसांनी स्टेल, मग ३० दिवसांनी रॉटन (कुजलेला), आणखी ३० दिवसांनी बंद. पण तिथे इश्यू गोठवून या फेऱ्यातून बाहेर काढायची सोय आहे आणि ट्रायाजला, म्हणजे आलेल्या नोंदी चाळून मार्गी लावायला, माणसं आहेत. तीन माणसांच्या प्रकल्पाने त्यातला फक्त बॉट उचलला तर उरलेलं कोण करणार?

त्यापेक्षा आठवड्याला पाच जुने रिपोर्ट उघडा आणि प्रत्येकावर एक नेमका प्रश्न विचारा. देवनागरीच्या रिपोर्टांसाठी तर मराठी टाइप करणारा कुणीही चालेल. ताजी आवृत्ती घ्या, जोडलेली फाइल उघडा, स्क्रीनशॉट टाका, ऑपरेटिंग सिस्टिम आणि फॉन्टचं नाव लिहा.