२५ पट जमवा, मग जगा: हा मेसेज पुढं पाठवायच्या आधी एवढं वाचा

सध्या नात्यातल्या, कॉलनीतल्या, कंपनीतल्या पोरांच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पैसे एकदा जमले की नोकरीला रामराम ठोका, मग दरवर्षी त्यातले ४ टक्के काढत आयुष्यभर मजा करा. तोवर फिरणं, हौसमौज सगळं बंद, पोटाला चिमटा काढून साठवा. काम हे ओझं आहे, जेवढ्या लवकर उतरेल तेवढं बरं, जमलं तर ४५ लाच सोडा. पैसे जिथं जास्त व्याज मिळतं तिथं ठेवा, म्हातारपणी खर्च तसाही निम्म्यावर येतो, आणि कमी पडलंच तर एक प्लॉट घेऊन ठेवा, तीच तुमची पेन्शन.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, अकाउंट्स बघते. कामगारांचे पीएफचे, पेन्शनचे, ग्रॅच्युइटीचे कागद माझ्या टेबलावरनं जातात, त्यामुळं रिटायर होणारी माणसं मी लई जवळून बघते, पैसे आल्यावरची बी आणि पैसे संपल्यावरची बी. आमच्याकडची पंचविशी-तिशीतली पोरं हा मेसेज खरा धरून चालायला लागलीत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी ते २५ पटीचं बघू. हा आकडा कुणी हवेतनं काढलेला नाही, पण तो आपल्यासाठी काढलेलाच नाही. १९९४ साली विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन फायनान्शियल प्लॅनरनं तिथल्या शेअर आणि बाँडचे जुने आकडे घेऊन हिशोब केला की माणूस रिटायर झाला आणि पैसे ३० वर्षं पुरायला हवे असतील तर पहिल्या वर्षी किती काढावेत. उत्तर आलं साधारण ४ टक्के, आणि पुढं दरवर्षी महागाईप्रमाणं तेवढीच रक्कम वाढवत न्यायची. ४ टक्क्याचं उलटं केलं, म्हणजे १०० ला ४ नं भागलं, की २५ पट होतं. म्हणजे बाजार अमेरिकेचा, महागाई अमेरिकेची, आणि मुदत ३० वर्षांची. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही, तिथं थेट "आयुष्यभर" लिहिलंय.

आता आपल्या आकड्यात करून बघा. घरखर्च महिना ४० हजार, वर्षाला ४ लाख ८० हजार, २५ पट म्हणजे १ कोटी २० लाख. पैशावर ७ टक्के मिळतात आणि महागाई ६ टक्के आहे असं धरा, टॅक्स धरूच नका. हे पैसे साधारण २८ वर्षं पुरतात. ६० व्या वर्षी रिटायर झालेल्याला ८८ पर्यंत, ठीक आहे. पण ४५ ला नोकरी सोडली असेल तर ७३ व्या वर्षी खातं रिकामं, आणि त्या वयात कुठल्या गेटवर जाऊन काम मागणार? त्यात पोरं २५ पट धरतात ती आजच्या खर्चाची. ६ टक्क्यांनी महागाई वाढली की १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो, २० वर्षांनी त्याच ४० हजाराचे सव्वा लाखाच्या पुढं जातात. आणि सगळे पैसे शेअरमध्ये असतील तर सुरुवातीची वर्षं कशी निघाली त्यावर पुढचं सगळं ठरतं, जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजारावर होता आणि मार्च २००९ ला ८ हजाराच्या आसपास, नेमका त्या वेळी नोकरी सोडून दरमहा पैसे काढणाऱ्यानं तळाला येऊन फंडाची युनिट विकली, ती परत कशी येणार?

बरं, "पेन्शन आहे की" असं म्हणणारे बी भेटतात. प्रायव्हेट कंपनीतल्या माणसाची ईपीएस, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन कशी निघते ते मी रोज बघते. पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, आणि हा पगार कितीही असला तरी १५ हजाराच्या वर धरत नाहीत. ३० वर्षं झाली तर १५ हजार गुणिले ३० भागिले ७०, म्हणजे ६४०० च्या आसपास. सप्टेंबर २०१४ च्या आधीची वर्षं तर ६५०० च्या मर्यादेनं धरतात, म्हणून हातात येते ती त्याहून कमी. माणूस कागदावरचा आकडा बघतो, परत माझ्याकडं बघतो, आणि विचारतो, "मॅडम, हे महिन्याचं का?" त्याला व्हय म्हणताना मला दरवेळी जड जातं.

तेव्हा पैसे साठवायला पाहिजेत यात वादच नाही. माझा वाद आहे तो "आधी सगळं साठवा, मग जगा" या क्रमाशी.

मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हाच आहे, तोवर हौसमौज बंद. आमच्याकडचे एक मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, मिळेल तेवढा ओव्हरटाइम घेणारे, सुट्टीच्या दिवशी सुद्धा बोलावलं की हजर. त्यांची एकच इच्छा, पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला एकदा जायचं. दरवर्षी जुलै आला की म्हणायचे, यंदा राहूदे, रिटायर झाल्यावर निवांत जाऊ. रिटायर झाले, पैसे आले, पोरानं हौसेनं बूट आणून दिले आणि तोवर गुडघे गेले होते. डॉक्टरनी सांगितलं जिना सुद्धा कठडा धरून चढा. पावसाळ्यात त्या वाटेवरच्या मसाई पठाराच्या चिखलातनं चालायचं म्हणजे ३५-४० व्या वर्षीच चालायचं असतं, ते पुढं ढकलता येत नाही. काही गोष्टींना पैसे लागत नाहीत, वय लागतं, आणि वयाचं एफडी करता येत नाही.

दुसरी बाजू पण बघितलीय. एक फिटर काका, त्यांच्या गल्लीतल्या भजनी मंडळात तिशीपासनं पेटी वाजवायचे. पगार काय फार नव्हता, कर्ज पण होतं. पण गुरुवारची संध्याकाळ त्यांनी कधी सोडली नाही. रिटायर झाल्यावर त्यांचं फारसं काही बदललंच नाही, उलट आता दोन पोरांना पेटी शिकवतात. आणि ज्यांनी ३५ वर्षं फक्त मशीन आणि घर एवढंच केलं ते रिटायर झाल्यावर महिनाभरात कंपनीच्या गेटवर येऊन वॉचमनशी गप्पा मारत बसतात. मजा करायची सुद्धा सवय लागते आणि ती साठीला एकदम लागत नाही हो.

आणि कोल्हापुरात मजेला लागतं किती? शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन आहे, पेठेच्या टीमला ओरडायला फार खर्च नाही. १८५० पासनं चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे. रंकाळ्याला चालायला जा, रात्री गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध प्या. ७५ च्या वरच्यांना एसटी ऑगस्ट २०२२ पासनं मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, बायकांना तर मार्च २०२३ पासनं कुठल्याही वयात अर्धं. मी पोरांना सांगते की पगारातनं पीएफ कापला जातो तसं ५ टक्के फिरण्या-छंदासाठी वेगळे काढा, २५ हजार पगार असेल तर साडेबाराशे. एवढ्यानं तुमची म्हातारपणाची सोय बिघडत नाही. ती बिघडते ती लग्नात, गाडीच्या हप्त्यात आणि पीएफ मध्येच काढून केलेल्या बांधकामात.

काम हे ओझं, हे पण मला पटत नाही. म्हणजे भट्टीपुढचं काम ओझं आहेच, ५५ नंतर ते कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण कामाचा प्रकार बदलता येतो आणि त्याची तयारी पन्नाशीच्या आत करावी लागते. टर्नर असाल तर सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, प्रोग्रॅमिंग शिका, मोल्डर असाल तर इन्स्पेक्शनला या. उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपना जुना हात अजून पाहिजे असतो, आठवड्यातले तीन दिवस येणारा अनुभवी माणूस ते आनंदानं ठेवतात. त्याचे महिन्याला १५ हजार आले तर वर्षाचे १ लाख ८० हजार झाले. मेसेजवाल्यांच्याच नियमानं त्याला २५ नं गुणा, ४५ लाख होतात! म्हणजे तीन दिवसांचं काम चालू आहे तोवर ४५ लाखांच्या पुंजीचं काम तो माणूस करतोय, आणि उरलेले चार दिवस त्याचे स्वतःचे आहेत. शिवाय ईपीएसची पेन्शन ५८ ला चालू न करता ६० पर्यंत थांबवली तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं, ५८ झालं की लगेच १० डी, म्हणजे पेन्शनचा फॉर्म, भरून मोकळे होतात. पगार चालू असेल तर थोडी कळ काढा. एकदम ब्रेक मारण्यापेक्षा ५५ पासनं हळूहळू कमी करत आणा, शरीराला झेपतं, घराला झेपतं, आणि पैशाला पण.

जास्त व्याजाचं सांगताना मला खरंच काळजी वाटते, कारण हे आमच्या भागातलं दुखणं आहे. पतसंस्था गल्लोगल्ली, संचालक ओळखीचे, बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त, म्हणून पीएफची सगळी रक्कम एका ठिकाणी. बँक बुडाली तर विम्याचे ५ लाखांपर्यंत मिळतात, फेब्रुवारी २०२० च्या आधी तर १ लाखच होते, आणि सहकारी बँकांना पण हा विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. संचालक भला माणूस असला तरी नाही. साठी झालेल्यांसाठी पोस्टातली सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम आहे, एप्रिल २०२३ पासनं मर्यादा १५ वरून ३० लाख झाली आणि व्याज ८.२ टक्के, ते पाच वर्षं त्याच दरानं मिळतं. ३० लाख ठेवले तर दर तीन महिन्याला ६१ हजार ५०० खात्यात, नवरा-बायको दोघांची वेगळी खाती निघतात. पुंजी कमी असेल तर १० लाखाचे २० हजार ५०० येतील. आधी महिन्याचं किराणा, लाइट, औषधं एवढं तरी अशा खात्रीच्या पैशातनं भागतंय का ते बघा, त्याच्या वरचं मग म्युच्युअल फंडात ठेवा, महागाईशी तेच झुंज देईल.

खर्च निम्म्यावर येतो म्हणे. डब्याचा, पेट्रोलचा, शाळेच्या फीचा येतो. दवाखान्याचा येत नाही. ७० झाल्यावर सरकारच्या आयुष्मान भारत योजनेत उत्पन्न कितीही असलं तरी वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, ऑक्टोबर २०२४ पासनं. पण कंपनीचं कव्हर ५८ ला सुटतं, मधली १२ वर्षं कोण बघणार? आधीपासनं असलेल्या आजाराला पॉलिसीत ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून स्वतःची पॉलिसी पन्नाशीतच काढा, शुगर-बीपी निघायची वाट बघू नका. आणि ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत, किमान ५ वर्षं असलेला कामगार रिटायर झाला तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांचे उपचार पुढं चालू ठेवू शकतो. वर्षाला १२०! हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण पहिल्यांदाच ऐकत असतो.

प्लॉट हीच पेन्शन म्हणणाऱ्यांनी २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवावा. पूररेषेतला प्लॉट अडीनडीला विकायला काढला की गिऱ्हाईक भावच पाडून मागतं. आणि चांगल्या जागेतला असला तरी प्लॉटमधनं दर महिन्याला औषधाचे पैसे निघत नाहीत, अर्धा गुंठा तोडून मेडिकलवाल्याला देता येत नाही, शिवाय सातबाऱ्यावर नावं किती आहेत त्यावर विकायला लागणारी वर्षं ठरतात. राहतं घर कर्जमुक्त असू दे, तेवढं बास.

शेवटचा मुद्दा मेसेजमध्ये नाहीच, आणि मला त्याचाच जास्त राग आहे. त्यात बायको नाही. सगळा हिशोब एकट्या माणसाचा, तो काम सोडणार, तो मजा करणार. नवरा घरी बसला की वहिनींचं काम वाढतं, दोन वेळचा चहा पाच वेळचा होतो, दुपारची त्यांची पडायची वेळ जाते, भिशीला जाताना सुद्धा विचारून जावं लागतं. निवृत्तीचं प्लॅनिंग दोघांचं असेल तर स्वयंपाकातला वाटा पण त्यात आला पाहिजे, आणि पैसा पण. ईपीएसमध्ये नवरा गेल्यावर बायकोला निम्मी पेन्शन मिळते, पण माझ्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी बायकांना नवऱ्याचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, माहीत नसतो, ई-नॉमिनेशन, म्हणजे ऑनलाइन वारसाची नोंद, केलेलं नसतं, आधारवर एक नाव, पीएफला दुसरं, लग्नाआधीचं आडनाव तिसरीकडंच. मग दुःखाच्या दिवसांत त्या कागद घेऊन ताराराणी चौकापासनं शिरोलीपर्यंत हेलपाटे घालतात. तुमच्या घरात पीएफ असेल तर या रविवारी दोघं बसून मोबाइलवर तेवढं नाव, जन्मतारीख आणि नॉमिनी बघून घ्या, चुकलं असेल तर नोकरी चालू आहे तोवर कंपनीकडनं दुरुस्त करून घेणं सोपं जातं.