डोकं दुखतंय का?

डोंबिवली ते दादर आणि दादर ते डोंबिवली, एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत लोकलमध्ये मला कोणी ‘कृपया’ म्हटल्याचं आठवत नाही. मीही कोणाला म्हटलेलं नाही. म्हणून आमच्या लेडीज डब्यात रीतभात नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी संध्याकाळी साडेसहाला दादरला एकदा चढून बघावं. (पुरुषांनी नको. बायकोला विचारा.)

चढल्या चढल्या पहिला प्रश्न असतो, “कुठे?” एवढाच. बसलेली म्हणते, “ठाणा.” उभी म्हणते, “मला द्या.” झालं ठरलं. नंतर घाटकोपरला तिसरी चढून तेच विचारते, तेव्हा बसलेली नुसती हात हलवते, “दिलीय.” आता ठाणा येईपर्यंत ती जागा त्या पहिल्या बाईची. बसलेलीला तिचं नाव माहीत नसतं, आडनाव माहीत नसतं, पण उतरताना ती त्या गर्दीतून तिलाच डोळ्यांनी शोधते, आणि ती नीट टेकेपर्यंत गुडघे आडवे धरून ठेवते. मध्येच दुसरी कोणी बसलीच, तर तिला अख्खा डबा बोलतो.

चौथ्या सीटचंही तसंच. बाक तिघींचं. चौथी बसते म्हणजे खरं तर अर्धी टेकते, एक पाय बाहेर रोवून, वळणावर दांडी पकडून. पण “चौथी देता का?” म्हटलं की तिघींनी सरकायचं. कपाळाला आठ्या घालून का होईना, सरकायचं. उभीची पिशवी बसलेलीने मांडीवर घ्यायची. सॅक पाठीवरून पुढे घ्यायची. हे कोणी शिकवत नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा ओरडा बसला की येतं.

आता मूळ मुद्दा. मोबाइल.

जागा कशी वाटून घ्यायची याचं सगळं शास्त्र आमच्याकडे आहे. आवाजाचं काहीच नाही. तुमची पर्स माझ्या कुशीत घुसली तर मी बिनदिक्कत “ओ ताई, पर्स” म्हणते. पण तुमच्या मोबाइलवरचं गाणं माझ्या कानात घुसलं तर काय म्हणायचं ते मला कळत नाही. शब्दच नाही. “सरका” म्हणतो तसं आवाजाला काय म्हणायचं?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दिवसभर ऑफिसात कटकट, त्यात गाडी उशिरा. एका पन्नाशीच्या काकूंनी मला चौथी दिली. नुसती दिली नाही, स्वतः जाळीला चिकटून दिली. माझी ओली छत्री घेऊन त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, म्हणजे माझा ड्रेस भिजायला नको. आणि मग मोबाइल काढून रील लावलं. एक माणूस खुर्चीवरून पडतो आणि मागे हशा. पंधरा सेकंदांचं. संपलं की परत पडतो. काकू ते मैत्रिणीला पाठवायला बघत होत्या, रेंज नव्हती, तो बिचारा कुर्ल्यापासून भांडुपच्या पुढे येईपर्यंत पडतच होता.

एरवी मी मनातल्या मनात चिडून गप्प बसते. त्या दिवशी म्हटलं, “काकू, आवाज जरा कमी करता का?”

त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, काळजीने. “का गं, डोकं दुखतंय का?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांनी मोबाइल तत्काळ बंद केला, पर्सच्या आतल्या कप्प्यातून बामची इवलीशी बाटली काढली आणि झाकण उघडून माझ्यासमोर धरली.

ही बाई उद्धट आहे असं कसं म्हणू? मी तिच्या जागेत अर्ध्या बाकाची घुसखोरी केलेली होती आणि तिने ती हसत सोसली होती. आपल्या मोबाइलचा आवाज ही मात्र माझ्या जागेत केलेली घुसखोरी आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. आवाजाचा त्रास फक्त आजारी माणसाला होतो. धडधाकट बाईला कसला आलाय त्रास?

नियम आहेत. रेल्वे कायदा १९८९चा, त्याच्या १४५व्या कलमात गाडीत उपद्रव करणाऱ्याला दंड आहे. बेस्टने २०२३ साली बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइलवर गाणी-व्हिडिओ लावायला बंदी घातली, एसटीनेही त्याच वर्षी. पण कलम सांगून आवाज कमी करायला लावणारी बाई मी अजून पाहिली नाही. आणि ती दिसली तर मी तिच्या शेजारी बसणार नाही.

बरं, दुसरी बाजूही मला त्याच काकूंनी ऐकवली. “कानात वायर घातली ना, की कोणी हाक मारलेली कळत नाही, स्टेशन कळत नाही. आणि रात्रीच्या गाडीत डबा रिकामा असला की मागून कोण आलं तेही कळत नाही.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री साडेदहाच्या गाडीत मीही कानात काही घालत नाही.

शिवाय माझंही पाणी तितकंसं स्वच्छ नाही. आमच्या ग्रुपचं भजन असतं मंगळवारी. दोन जणी टाळ आणतात. डब्यातल्या निम्म्या टाळ्या देतात, उरलेल्यांनी काय करायचं हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. आता पडतो. एखादी मुलगी सकाळी खिडकीला डोकं टेकून झोपायला बघत असेल, तर तिच्यासाठी आमचा विठ्ठल आणि काकूंचा खुर्चीवरून पडणारा माणूस यांत काय फरक? मी हे ग्रुपमध्ये बोलून बघितलं. “भजन म्हणजे आवाज आहे का?” असं मला विचारण्यात आलं. विषय संपला. टाळ चालू आहेत.

तेव्हापासून मी सोपा मार्ग धरलाय. कपाळ दाबायचं, चेहरा पाडायचा आणि म्हणायचं, “डोकं दुखतंय हो.” दहातल्या आठ जणी आवाज बंद करतात, दोघी गोळी विचारतात. खोटं आहे, पण चालतं.

परवा दादरला चढले तर दरवाजापासून आत सरकायला जागा नाही. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून आवाज आला, “ए, तिला येऊ द्या गं आत, तिचं डोकं दुखतं!” त्याच काकू. हातात मोबाइल, मोबाइलवर कोणीतरी जोरजोरात वांग्याचं भरीत शिकवतंय. चार जणी बाजूला झाल्या, काकू सरकल्या, मी टेकले.

बामही लावून घेतला.