सस्पेंडमध्ये रिमूव्ह, रिझ्यूममध्ये प्रोब? हा सल्ला पुढे पाठवू नका

‘लिनक्स ड्रायव्हरचं सस्पेंड-रिझ्यूम पाच मिनिटांत’ असा एक मेसेज एम्बेडेड शिकणाऱ्या मुलांच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा तो भाचीच्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये जसाच्या तसा उतरलेला दिसला, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेजचं म्हणणं असं: सस्पेंडमध्ये (मशीन झोपताना) आपलंच रिमूव्ह (उपकरण सोडून देणारं फंक्शन) बोलवा आणि रिझ्यूममध्ये (उठताना) प्रोब (उपकरण ताब्यात घेऊन सुरू करणारं फंक्शन), डेव्हएम (घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणारी कर्नलची सोय) वापरलं असेल तर सगळं आपोआप सुटतं, पीसीआय (कार्डं जोडणारी बस) असेल तर काहीच करावं लागत नाही, रनटाइम पीएम (मशीन जागी असताना रिकामं उपकरण झोपवणं) असेल तर सिस्टिम सस्पेंड फुकटात मिळतं, उठवणाऱ्या इंटरप्टला (उपकरणाने प्रोसेसरला दिलेल्या हाकेला) ‘आयआरक्यूएफ_नो_सस्पेंड’ हा फ्लॅग लावा, आणि लॅपटॉप एकदा झोपवून उठवला की टेस्टिंग संपलं.

पहिला सल्ला सगळ्यात घातक आहे आणि तोच सगळ्यांना आवडतो, कारण नवीन ओळ लिहावी लागत नाही. दुसऱ्या मुद्द्याशी जोडून बघा. डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी तुमचं रिमूव्ह फंक्शन सोडत नाही. ड्रायव्हर कोअर त्या सोडतो, आणि तेही उपकरण ड्रायव्हरपासून सुटं झाल्यावर किंवा प्रोब फसल्यावर. सस्पेंडमध्ये रिमूव्ह हाताने बोलावलं तर इंटरप्ट, मॅप केलेली मेमरी, सगळं तसंच अडकून राहतं. मग रिझ्यूममध्ये प्रोब बोलावलं की मेमरी मॅप करणारं ‘डेव्हएम_आयओरीमॅप_रिसोर्स’ ईबिझी (‘आधीच व्यापलेलं’) ही एरर परत देतं, कारण तो भाग आधीच आपल्याच नावावर आहे. इंटरप्ट लाइन शेअर्ड नसेल तर तीही ईबिझी, आणि लॉगमध्ये ‘फ्लॅग्ज मिसमॅच’. लाइन शेअर्ड असेल तर हाल आणखी वाईट: नोंदणी बिनबोभाट होते, आता एका इंटरप्टला दोन हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारी फंक्शनं), आणि जुना हँडलर जुन्याच स्ट्रक्चरचा पॉइंटर घेऊन चालत राहतो. प्रत्येक झोपेमागे एक जास्तीचा हँडलर.

समजा कुणी डेव्हएम टाळून सगळं हाताने सोडलं. तरी वरच्या थरातल्या लोकांचं काय? नेटवर्क ड्रायव्हरने इंटरफेस काढून टाकला की त्यावरचा आयपी पत्ता आणि राउट गेले. इनपुट उपकरण नव्याने नोंदवलं की उघडी असलेली जुनी फाइल ईनोडेव्ह (‘असं उपकरणच नाही’) ही एरर देते. स्टोरेजवर फाइलसिस्टिम माउंट असताना डिस्क काढून टाकली तर न लिहिलेला डेटा गेलाच म्हणा. हे सगळं घडतं तेव्हा युजरस्पेसचे प्रोसेस गोठवलेले असतात, त्यामुळे सावरून घ्यायला उपकरणांची ये-जा सांभाळणारा यूडेव्हही जागा नसतो. आपण झोपलो होतो हे वरच्या प्रोग्रॅमला कळूच नये, एवढंच सस्पेंडचं काम. रिमूव्ह नेमकं उलटं करतं.

ज्यांना हे मत वाटतंय त्यांनी कर्नलच्या सोर्समधली ‘ड्रायव्हर्स/बेस/पॉवर/मेन.सी’ ही फाइल उघडावी. ‘डीपीएम_प्रिपेअर’ या फंक्शनमध्ये उपकरणांचं प्रोबिंग मुद्दाम बंद केलेलं आहे, आणि वरच्या कॉमेंटमध्ये कारण स्वच्छ दिलंय: सस्पेंड चालू असताना प्रोब करणं सुरक्षित नाही, सिस्टिम कशी वागेल सांगता येत नाही, म्हणून ते पुढे ढकलायचं. बंदी उठते ती ‘डीपीएम_कम्प्लीट’मध्ये, म्हणजे सगळ्यांचं रिझ्यूम आटोपल्यावर. तुम्ही स्वतःचं प्रोब थेट बोलावून ही बंदी चुकवता खरी, पण त्या प्रोबने नोंदवलेल्या खालच्या उपकरणांवर ती लागू असतेच. आय-टू-सी बस (छोट्या चिपा जोडणारी दोन तारांची बस) नोंदवलीत तर तिच्यावरचे सेन्सर तेव्हा जोडले जाणार नाहीत. शिवाय प्रोबने ‘नंतर बघू’ म्हणत ईप्रोब_डिफर परत दिलं, तर रिझ्यूममध्ये ते ऐकायला कुणी नसतं.

मग लिहायचं काय? रेगमॅप (चिपची रजिस्टरं वाचणारा-लिहिणारा आणि त्यांची मूल्यं कॅशमध्ये ठेवणारा कर्नलचा थर) वापरणाऱ्या आय-टू-सी चिपचं उदाहरण घेऊ, जिचा वीजपुरवठा सस्पेंडमध्ये तोडायचा आहे. आधी इंटरप्ट बंद करणारं ‘डिसेबल_आयआरक्यू’, ते चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं. त्यानंतर रांगेतलं काम रद्द करणारं ‘कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक’. हा क्रम उलटा केला तर रद्द केलेलं काम इंटरप्ट पुन्हा रांगेत टाकतो, आणि ते पुरवठा तुटलेल्या चिपला हाका मारत बसतं. मग ‘रेगकॅश_कॅश_ओन्ली’ चालू (लिखाण फक्त कॅशमध्ये), ‘रेगकॅश_मार्क_डर्टी’ (चिपमधली मूल्यं गेली असं धरणं), आणि शेवटी रेग्युलेटर, म्हणजे चिपचा वीजपुरवठा, बंद. उठताना रेग्युलेटर चालू, डेटाशीटमध्ये दिला असेल तेवढा वेळ थांबणं, कॅश-ओन्ली बंद, ‘रेगकॅश_सिंक’ (कॅश चिपमध्ये उतरवणं), आणि सगळ्यात शेवटी इंटरप्ट. सिंक फसलं तर रेग्युलेटर पुन्हा बंद करून एरर परत द्या, गिळू नका.

यात एक खाच आहे. मार्क-डर्टीनंतरचं सिंक असं धरून चालतं की चिप रीसेट होऊन मूळ मूल्यांवर आली आहे. म्हणून कॅशमधलं मूल्य मूळ मूल्याएवढंच असेल तर ते लिहितच नाही. आता तोच रेग्युलेटर दुसरं कुणी वापरत असेल, तर तुम्ही बंद म्हटलं तरी वीज जात नाही. मधल्या काळात कॅशमध्ये एखादं रजिस्टर मूळ मूल्यावर परत आणलं गेलं, तर चिपमध्ये जुनंच राहतं. हाच कोड रनटाइम सस्पेंडलाही वापरला, की युजरस्पेस जागा असल्यामुळे हे सहज घडतं. उपाय सोपा आहे: सिंकच्या आधी रीसेट पिन हलवा किंवा सॉफ्ट रीसेट द्या.

पीसीआयच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. ‘डेव्ह_पीएम_ऑप्स’ (सस्पेंड-रिझ्यूमच्या फंक्शनांचं स्ट्रक्चर) वापरणाऱ्या ड्रायव्हरसाठी पीसीआय कोअर कन्फिगरेशन स्पेसमधल्या नेहमीच्या नोंदी जपून ठेवतो, उपकरण योग्य डी-स्टेटमध्ये (वीजवापराच्या पातळीवर) नेतो आणि परत आणतो. ते काम स्वतः करू नका. पण बारमागची (कार्डाच्या मेमरी-खिडकीतली) तुमची रजिस्टरं, डीएमए रिंगांचे (कार्ड थेट मेमरीत वाचतं-लिहितं त्या रांगांचे) पत्ते, कार्डावर चढवलेलं फर्मवेअर यांतलं कोअरला काहीही माहीत नसतं. डी3कोल्डमध्ये, म्हणजे कार्डाची वीज तुटल्यावर, ते सगळं जातं. झोपलेल्या कार्डाचं रजिस्टर वाचलं तर सगळे बिट 1 येतात; शेअर्ड लाइनवरच्या हँडलरने तेच ‘आपला इंटरप्ट’ समजलं तर मशीन उठताना तिथेच अडकते. 0xएफएफएफएफएफएफएफएफ दिसलं की ‘आयआरक्यू_नन’ (‘हा माझा इंटरप्ट नाही’) परत द्यायचं.

रनटाइम पीएमचा दावा धडधडीत चूक. सिस्टिम सस्पेंडच्या प्रिपेअर टप्प्यात पीएम कोअर प्रत्येक उपकरणाचा वापर-काउंट स्वतःच वाढवून ठेवतो, म्हणून ऐन सस्पेंडमध्ये जागं असलेलं उपकरण काउंट शून्य होऊन आपोआप झोपत नाही. दोन्हीकडे एकच कोड हवा असेल तर ‘पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड’ आणि त्याची रिझ्यूम जोडी सिस्टिम कॉलबॅकमध्ये (सिस्टिम झोपताना-उठताना कर्नल बोलावतो त्या फंक्शनांमध्ये) लावा.

‘आयआरक्यूएफ_नो_सस्पेंड’ मशीन उठवण्यासाठी नाहीच. त्याने इंटरप्ट बंद होत नाही एवढंच, म्हणजे उपकरण झोपल्यावरही तुमचा हँडलर चालणार. उठवायचं असेल तर प्रोबमध्ये ‘डिव्हाइस_इनिट_वेकअप’, सस्पेंडमध्ये ‘डिव्हाइस_मे_वेकअप’ विचारून ‘एनेबल_आयआरक्यू_वेक’, रिझ्यूममध्ये उलट. अशा उपकरणाचा पुरवठा मात्र तोडू नका.

राहिलं टेस्टिंग. ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ वाचा. चौकटी कंसात एस2आयडल (हलकी झोप) असेल तर बहुतेक उपकरणांची वीज गेलेलीच नसते, म्हणून काहीही न लिहिलेला ड्रायव्हरही पास होतो. तोच बोर्डावर डीपमध्ये (खोल झोपेत) गेला की उठत नाही. आधी ‘/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट’मध्ये डिव्हायसेस लिहा आणि मग ‘/सिस/पॉवर/स्टेट’मध्ये मेम: ड्रायव्हरांचे कॉलबॅक चालतात, 5 सेकंद थांबून मशीन परत येते. कॉलबॅकमधला हँग इथेच सापडतो. वीज मात्र तुटत नाही, त्यामुळे हरवलेली रजिस्टरं इथे कळत नाहीत. त्यासाठी डीप निवडून ‘आरटीसीवेक -एम मेम -एस 30’ (मशीन झोपवून 30 सेकंदांनी उठवणारी कमांड) लूपमध्ये चालवा, आणि उपकरणावर काम चालू असतानाच: फाइल कॉपी होतेय, आवाज वाजतोय. कर्नल कमांड लाइनवर ‘नो_कन्सोल_सस्पेंड’ टाका, नाहीतर शेवटचा मेसेज सिरियल कन्सोलवर येण्याआधीच कन्सोल झोपेल.